मदत हवी आहे: कार्बन मोनॉक्साइडची बाँड ऑर्डर

नमस्कार. मुलीला अकरावीचं रसायनशास्त्र शिकवताना अडलोय. बाँड ऑर्डर (अणूंमधला बंध किती पदरी, ते सांगणारा आकडा) काढायला बाँडिंग ऑर्बिटलमधल्या (बंध घट्ट करणाऱ्या जागांतल्या) इलेक्ट्रॉनांतून अँटीबाँडिंगमधले (बंध सैल करणाऱ्या जागांतले) वजा करायचे आणि निम्मे करायचे, इथवर ठीक. ऑक्सिजनची (८−४)/२ = २. एक इलेक्ट्रॉन काढला की २.५, आणि बंधाची लांबी १२१ वरून ११२ पिकोमीटर. किती छान जुळतं! नायट्रोजनचं उलट, ३ वरून २.५, तेही पटलं.

पण कार्बन मोनॉक्साइडमध्येही नायट्रोजनइतकेच १४ इलेक्ट्रॉन. मग एक काढल्यावर बंध लांबायला हवा ना? तो तर ११२.८ वरून १११.५ पिकोमीटर होतो! इलेक्ट्रॉन जिथून निघतो ते सगळ्यात वरचं सिग्मा ऑर्बिटल (दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेभोवतीचं) नक्की कसलं धरायचं, बाँडिंग की अँटीबाँडिंग? मुलीने वहीत एक इलेक्ट्रॉन काढल्यावरची बाँड ऑर्डर २.५ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. कोणी आकृती काढून समजावाल का?