मदत हवी आहे: जुन्या स्प्रिंग सिक्युरिटीतला ऑथरायझेशन बायपास, अपग्रेड होईपर्यंत काय करावं?

नमस्कार मंडळी. आमची एक जुनी वेब सर्व्हिस अजून स्प्रिंग सिक्युरिटी (जावा अ‍ॅपमध्ये लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारी लायब्ररी) ५.६.२ वर चालते. ५.६.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना सीव्हीई-२०२२-२२९७८ ही जाहीर झालेली सुरक्षा त्रुटी (परवानगीची तपासणी चुकवता येते, म्हणजेच ऑथरायझेशन बायपास) लागू आहे, दुरुस्ती ५.६.४ मध्ये (५.५ मालिकेत ५.५.७ मध्ये) आली. अपग्रेड करणारच आहोत, पण बाकीच्या डिपेंडन्सी (आम्ही वापरतो त्या इतर लायब्ररी) अडून बसल्यात.

आमचा नियम असा: रेजेक्स मॅचरमध्ये (पत्ता ठराविक नमुन्याशी जुळतो का हे पाहणारा भाग) ‘/अ‍ॅडमिन/.*’, त्याला अ‍ॅडमिन रोल, आणि खाली उरलेल्या सगळ्याला परवानगी. रेजेक्समधला टिंब इतर कुठलंही अक्षर पकडतो, पण नवी ओळ पकडत नाही. त्यामुळे पत्त्यात कुणी ‘%०ए’ (नव्या ओळीचा कोड) घुसवलं की पहिला नियम जुळतच नाही, रिक्वेस्ट खालच्या मोकळ्या नियमाला जाऊन लागते. काही सर्व्हलेट कंटेनरवर (जावा वेब अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरवर) हे खरंच चालतं, म्हणून काळजी वाटते. आत लोकांची वैयक्तिक माहिती आहे हो.

तूर्तास शेवटचा नियम ‘सगळं नाकारा’ असा करून मोकळे पत्ते एकेक लिहून काढतोय. सर्व्हिस लेयरच्या (पत्त्यांच्या मागे खरं काम करणाऱ्या कोडच्या) मेथडवरही रोलची तपासणी टाकतोय. नुसत्या यूआरएलच्या नियमावर विसंबणं मला आता पटत नाही.

अडलंय ते टेस्टिंगमध्ये. मॉकएमव्हीसीच्या (स्प्रिंगचं खोट्या रिक्वेस्ट पाठवून तपासणारं साधन) टेस्ट खऱ्या कंटेनरमधून जातच नाहीत, मग त्या हिरव्या दिसल्या तरी भरवसा कसा ठेवायचा? असे वाकडे पत्ते खऱ्या सर्व्हरवर तपासायची तुमची पद्धत काय? आणि प्रॉक्सीवरच (सर्व्हरच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत सोडणारा मधला सर्व्हर) असे पत्ते अडवले तर चांगल्या रिक्वेस्ट अडकल्याचा अनुभव कुणाला आहे का?