घरच्या वाडीसाठी लोडरवाला छोटा ट्रॅक्टर घेऊ का? (राजापूर)

सड्यावरचा

नमस्कार मंडळी.

बेस्टच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली आणि गेल्या गणपतीपासून राजापूर तालुक्यात गावी कायमचा आलो. जमीन सव्वातीन एकर, पण एका पातळीत वीतभरही नाही. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काजू, मधल्या उतारावर हापूसची ४६ कलमं, खाली पऱ्याच्या कडेला भाताचे चार तुकडे, घरामागे नारळ. घरापर्यंत येणारी पाणंद पावसात दर वर्षी वाहून जाते. दिवाळी झाली की ती भरायची, हा आमच्याकडचा आणखी एक सणच.

गायरीतलं शेणखत कलमांपर्यंत न्यायला माणूस मिळत नाही. मिळाला तर दहाला येतो, चहा घेतो आणि साडेबाराला जेवायला जातो. मागच्या मे महिन्यात मी आणि बायकोने मिळून १८ कलमांना खत घातलं, उरलेली तशीच राहिली. माझी कंबर त्यानंतर आठ दिवस बोलत होती.

मुलगा पुण्याला असतो. तो अमेरिकेतले व्हिडिओ पाठवतो. कोणी आजोबा पुढे बादली लावलेला एवढासा ट्रॅक्टर घेऊन बर्फ काढतायत, ओंडके उचलतायत, नातवाला बागेत फिरवतायत. बघून मलाही खाज सुटली आहे, खोटं कशाला बोलू.

महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी २४४१ हे दोन बघून आलो. दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह. पहिला दोन सिलिंडरचा, दुसरा तीन. लिफ्ट दोन्हींची ७५० किलो. म्हणजे पुढच्या बादलीत पाऊण टन उचलेल असं मी धरून चाललोय. ही बादली, म्हणजेच लोडर, बाहेरून बनवून बसवून देणारा एक जण मिळालाय.

तर, घ्यावा का? आणि घेतला तर यातला कुठला?

कुणग्यातलो

माका इचारशात तर लोडर घेव नकात. दोन दीस जेसीबी आणा, पाणंद करून घेवा नि मोकळे होवा. आमच्याकडे एकान घेतल्यान तो आता मांगरात आसा. बादलीत कोंबडी अंड्यार बसता.

दापोलीकर_शेतघर

काका, वरच्या भाऊंचं कोंबडीचं सोडा, पण जेसीबीचं म्हणणं बरोबर आहे. सविस्तर लिहितो, कारण मी ही चूक पैसे मोजून केली आहे आणि आता त्याच ट्रॅक्टरवर खूशही आहे.

आधी तुमचे ७५० किलो. ती क्षमता मागच्या लिफ्टची, म्हणजे थ्री पॉइंटला (अवजार जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना) जे लावाल त्याची. पुढच्या बादलीशी तिचा काहीएक संबंध नाही. हे ट्रॅक्टर मुळात टनाच्या आसपास किंवा त्याहून हलके. पुढे पाऊण टन टांगलंत तर मागची चाकं हवेत जातील आणि तुम्ही सीटवरून सड्याचा देखावा बघत बसाल.

माझी बादली पाच घनफुटांची आहे. ओली तांबडी माती भरली की अडीचशे किलोच्या जवळ जाते, आणि तेवढंच खरं सुखाने उचलतं. शंभर घनफूट म्हणजे एक बरास, तेव्हा बरासभर मातीला वीस फेऱ्या. जेसीबीची पुढची बादली साधारण १.१ घनमीटरची असते. तो तीन बादल्यांत बरास संपवतो आणि बिडी पेटवतो. पाणंद वाहून गेलीय तिला चार-पाच बरास तरी लागेल. हिशेब तुम्हीच करा.

मग मी खूश का? रोजच्या किरकोळ कामाला जेसीबी येत नाही. खत गायरीतून काढून कलमाच्या आळ्यापर्यंत, नारळाच्या झावळ्या, पातेरा, सहा-सात चिरे इकडून तिकडे, पावसात दारात पडलेली फांदी. मी घेतला तोच मुळी निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला माझ्या आगरात सुपारी आडवी झाली, आणि ती बाहेर काढायला चार माणसं दीड महिना झिजली.

आता जे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते.

लोडर कशाला बांधलाय ते खाली वाकून बघा. मला ज्याने बनवून दिला त्याने तो पुढच्या बाजूला इंजिनालाच बोल्ट मारून बसवला होता. दुसऱ्या पावसाआधी वेल्डिंगला तडा गेला. नशीब, इंजिनच्या ओतीव भागाला गेला नाही. दुसऱ्याकडून पूर्ण सांगाडा करून घेतला, जो मागच्या ॲक्सलपर्यंत जातो. आता धक्का सगळ्या अंगावर वाटला जातो. तुम्ही वर्कशॉपातले आहात, तुम्हाला हे चित्र काढून दाखवायची गरज नाही.

मागे वजन लागतंच. मी थ्री पॉइंटला लोखंडी पेटी केली आणि तिच्यात चिरे भरले. ते नसताना बादली भरली की मागची चाकं नुसती तांबडी माती उडवतात.

आणि उतार. हे नीट वाचा. या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. बादली भरून उतारावरून खाली येताना मागचं वजन हलकं झालं की ब्रेक दाबूनही काही होत नाही, चाकं थांबतात आणि ट्रॅक्टर घसरत राहतो. फोर व्हील टाकलेला असेल तर पुढची चाकंही त्याच ब्रेकला बांधली जातात. म्हणून लोडरला टू व्हीलचा विचारच करू नका. भरलेली बादली कायम चढाच्या बाजूला ठेवायची. चढताना तोंड वर, उतरताना रिव्हर्समध्ये. बादली जमिनीपासून वीतभर. उताराला आडवं जायचं नाही. मी एकदा बादली डोक्याएवढी वर धरून कलमांमधून आडवा गेलो. वरच्या बाजूचं चाक सुटलं तेव्हा पोटात जे झालं ते मी घरी अजून सांगितलेलं नाही. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकला म्हणून वाचलो. कुठलाही घ्या, रोलबार (उलटला तर माणूस वाचवणारा सीटमागचा लोखंडी दांडा) असलेलाच घ्या, आणि सीटबेल्ट लावा. रोलबार असून बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच दांड्याखाली येतो.

पक्क्या रस्त्यावर आलात की मात्र फोर व्हील काढा, नाहीतर पुढचे गिअर ओरडतात.

अमेरिकेतल्या आजोबांचं म्हणाल तर त्यांच्याकडे हायड्रोस्टॅटिक असतं. पायाने पुढे, पायाने मागे, क्लच नाही. लोडरचं काम म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे. आपल्या साध्या गिअरबॉक्सवर तेच करताना तासाभरात डावी मांडी भरून येते. चालवून बघा आणि मगच ठरवा. पुढे-मागेचा लिव्हर कुठे आहे, किती सहज पडतो, हे मला सिलिंडरच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं वाटतं. जिवो की कुबोटा यावर मी भांडणार नाही. ज्याचा मेकॅनिक पावसात तुमच्या घरापर्यंत येईल तो घ्या.

आगरातली

मी चौलची. आमचं नारळ-सुपारीचं आगर. आम्ही छोटा ट्रॅक्टर घेतला पण लोडर नाही घेतला, आणि पश्चात्ताप नाही. सुपारीच्या दोन ओळींत नऊ फूट अंतर. त्यातून ट्रॅक्टर जातो, पण बादली पुढे वळायला लागली की झाडाची साल निघालीच. त्याऐवजी मागे लेव्हलिंगची फळी आणि हायड्रॉलिकची छोटी ट्रॉली घेतली. खत फावड्यानेच भरतो, पण वाहणं आणि ओतणं वाचतं. काका, तुमचा खरा त्रास भरण्याचा आहे की वाहण्याचा, ते जरा बघा.

दोन गोष्टी अजून. अनुदानासाठी महाडीबीटीवर (सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज करणार असाल तर पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत ट्रॅक्टर विकत घेऊ नका. माझ्या दिरांनी मुहूर्त गाठायला आधी घेतला आणि अर्ज मागून केला. मुहूर्त मिळाला, अनुदान गेलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय. जुनं कोटेशन कोणी पुढे केलं तर तारीख बघा.

समुद्र जवळ असेल तर लोडरच्या प्रत्येक पिनला ग्रीस, दर आठवड्याला. पावसात उभा राहणार असेल तर बॅटरीची तार काढून ठेवा आणि बॉनेटखाली उंदरांचा बंदोबस्त करा. आमच्याकडे एका श्रावणात अर्धं वायरिंग खाल्लं.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. दापोलीकरांचा ब्रेकवाला परिच्छेद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, ते चुकलंच. आता ती रोज विचारते, "रोलबार आहे ना त्याला?"

ताईंचा प्रश्न मात्र डोक्यात बसला. शनिवारी घड्याळ लावून एका कलमाचं खत केलं. भरायला सहा मिनिटं, वर न्यायला सतरा. म्हणजे त्रास वाहण्याचाच. मला उगाच वाटत होतं की फावड्याने कंबर मोडते. मोडते ती घाटी चढताना.

तेव्हा पाणंदीला दिवाळीनंतर जेसीबी. ट्रॅक्टर फोर व्हील, रोलबारसकट, ट्रॉलीबरोबर. लोडर एक हंगाम थांबवतो. अनुदानाचा अर्ज टाकलाय, पत्राची वाट बघतोय. कुबोटा चालवून पाहिला, जिवो येत्या बुधवारी.

एक अडचण नवीन निघाली. टेप घेऊन पाणंद मोजली. फणसाजवळच्या वळणावर दोन गडग्यांमध्ये चार फूट पाच इंच. ट्रॉली चार फुटांची आहे. सरळ जाईल, वळणार नाही.

दापोलीकर_शेतघर

सरळ वाटेवरही दोन्ही बाजूंना हातभर जागा हवी, काका. वळणावर ट्रॉली आतल्या बाजूला कापते. गडगा कोणाचा आहे?

सड्यावरचा

चुलतभावाचा. त्याच्याशी २००९ पासून बोलणं नाही. कारण तोच गडगा.

काल संध्याकाळी गेलो. पहिली दहा मिनिटं आंब्याच्या मोहोरावर बोललो, मग फणसावर. कोपरा आत घ्यायला तयार आहे. अट एवढीच की चिरे आम्ही उचलायचे, आम्हीच परत रचायचे, आणि ट्रॅक्टर आला की पहिल्यांदा त्याच्या गायरीतलं खत वर न्यायचं.

चिरे मोजले. ११२ आहेत. लोडर असता तर बरं झालं असतं.

कुणग्यातलो

कोंबडी उठली की कळवतंय.