फॉक्सप्रो: प्रेम की नुसती सवय?

गुलटेकडीकर
काल मार्केट यार्डात एका गाळ्यावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर ऐकली म्हणून डोकावलो. डॉसमधल्या (विंडोजच्या आधीची ती काळ्या पडद्याची प्रणाली) फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस भाषेवर हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालविक्रीचा हिशेब, निघत होती. १९९६ साली मीच लिहिलेला प्रोग्राम! (पैसे पूर्ण मिळाले नव्हते, असो.)

आजच्या पोरांना ती मजा कशी सांगू? 'यूज पट्टी' म्हटलं की फाइल उघडली. 'ब्राउझ फॉर गाव = "जुन्नर"' म्हटलं की जुन्नरचे सगळे शेतकरी समोर. मालक शेजारी बसून विचारायचा, चहा येईपर्यंत उत्तर तयार. डिलीटसुद्धा किती सभ्य! नुसती खूण करायचं. 'पॅक' म्हणून कायमचं पुसेपर्यंत 'रिकॉल'ने सगळं परत. आता तेवढ्यासाठी सर्व्हर, फ्रेमवर्क आणि चार जणांची मीटिंग.

सिंहगडरोडी
काका, आठवणी तुमच्या, निस्तरायचं आम्ही. एका पतसंस्थेचा फॉक्सप्रोतला डेटा हलवण्यात माझं दीड वर्ष गेलं. लाइट गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडायचा, मग खातं असून सापडायचं नाही. फॉक्सप्रोच्या डेटा फाइलला, डीबीएफला, कुलूपच नाही. कोणीही फाइल उघडावी, शिल्लक बदलावी, मागमूस राहत नाही. लोकांच्या ठेवी होत्या हो त्यात.

गुलटेकडीकर
म्हणून तर रोज सकाळी रीइंडेक्स आणि संध्याकाळी फ्लॉपीवर बॅकअप. ते कोणी केलं नाही तर खापर भाषेवर का? कुलपाचं मात्र मान्य.

कर्वेनगरची मावशी
दोघंही मराठी विसरलात. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आपल्या पुण्याचीच. त्यांचं जिस्ट कार्ड बसवलं की डॉसमध्ये देवनागरी दिसायची. १९९३ साली मी फॉक्सप्रोत सभासदांच्या मराठी याद्या केल्यात. अक्षरं इस्की या भारतीय लिपींच्या प्रमाण कोडमध्ये होती म्हणून पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या जगभरच्या प्रमाण कोडमध्ये, फारसा त्रास न होता उतरली. रडवलं ते नंतर विंडोजवर फॉन्टच्या भरवशावर टाइप केलेल्या याद्यांनी. फॉन्ट बदलला की 'कुलकर्णी'चं काहीच्या बाही. तेव्हा नवं ते सगळं सुधारलेलं, हे मला सांगू नका.

सिंहगडरोडी
मावशी, हे पटलं. पण २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच पुढची आवृत्ती येणार नाही म्हणून सांगितलं, २०१५ च्या जानेवारीत सपोर्टही संपला. तोही व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा, काकांचं २.६ त्याच्याही कितीतरी आधीचं. उद्या ते मशीन बसलं तर आडत्या फोन कोणाला करणार?

गुलटेकडीकर
मलाच. काल निघताना माझा नवा नंबर लिहून घेतलाय त्याने. जुन्या बाकीचा विषय काही काढला नाही.