मुरलेली, निवळलेली की नुसतीच जुनी? बोर्दोच्या वाइनसाठी शब्द हवाय

गारोनकाठ
फ्रान्समधल्या बोर्दोत राहून नऊ वर्षं झाली. सध्या आई-बाबा आणि धाकटा काका पुण्याहून आलेत. सप्टेंबरात इथल्या सुपरमार्केटांत 'फ्वार ओ व्हँ' म्हणजे वाइनची जत्रा भरते. तिथून तीन जुन्या लाल बाटल्या आणल्या: 2009 ची फ्रोन्साक, 2010 ची लिस्त्राक आणि 2005 ची ओ-मेदोक (ही बोर्दोकडच्या वाइनभागांची नावं). सगळ्या 15 ते 25 युरोंतल्या. 1855 साली ठरलेल्या प्रतवारीच्या यादीतल्या बड्या शातोंच्या, म्हणजे वाइनमळ्यांच्या, बाटल्यांच्या किमती आपल्या आवाक्यातल्या नाहीत, पण यादीबाहेरच्या कितीतरी वाइन दहा-पंधरा वर्षं ठेवल्या की सुरेख लागतात.

काकाला चवीत फार गोडी, फ्रेंच मात्र येत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीपुढे मराठीत चिठ्ठी ठेवली. 2005 बद्दल विक्रेत्यानं सांगितलं होतं, हिचे 'तानँ फोंद्यू' झालेत, म्हणजे शब्दशः टॅनिन, वाइनला तुरट करणारं द्रव्य, वितळलंय. मी लिहिलं, 'तुरटपणा छान मुरलाय'. आईनं चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "अगं, मुरतं ते लोणचं. कैरीत मीठ शिरतं, मसाला शिरतो, म्हणून ती मुरते. बंद बाटलीत बाहेरून काय शिरलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही कोणता शब्द वापराल?

लोणकढी
मुरलेलीच. मुरब्बी माणूस म्हणतोच ना आपण? वर्षानुवर्षं मुरला तो मुरब्बी. वाइनलाही तेच लागू.

भाषाळू
मुरब्बीचा मुरण्याशी संबंध नाही. 'मुरब्बी' आणि 'मुरब्बा' दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आले, एकाच धातूतून: वाढवणं, जोपासणं. जोपासणारा तो मुरब्बी, जोपासून ठेवलेला तो मुरब्बा, म्हणजे आपला मुरंबा. आपल्या कानानं त्यांना मुरण्याशी जोडलं, इतकंच.

लोणकढी
कानानं जोडलं तर जोडलं! आज मराठी माणूस मुरब्बी म्हणताना मुरलेलाच म्हणतो. व्युत्पत्ती बघून कोणी बोलत नाही.

पैलतीर
आईंचा मुद्दा मात्र बारकाईनं बघायला हवा. 'मुरणे'चा कर्ता दोन प्रकारचा असतो. पाणी जमिनीत मुरतं, ताप अंगात मुरतो: इथे शिरणारी वस्तू मुरते. लोणचं मुरतं: इथे ज्यात शिरलं ते मुरतं. 'तुरटपणा वाइनमध्ये मुरला' हे पहिल्या प्रकारात बसतं. शिवाय बाटलीत भरण्याआधी ही वाइन बहुतेकदा ओकच्या 225 लिटरच्या पिंपात राहिलेली असते. तिथे लाकूड तिच्यात मुरतंच की.

हिरडा
मी जुन्नरकडचा, म्हणून नाव असं. आमच्याकडे बाळहिरडा गोळा करून विकतात. त्यातही टॅनिनच. हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं चामडं कमावतात, ते टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरतं म्हणून. तोंडातही तेच होतं: लाळेतली प्रथिनं धरली जातात, ओशटपणा जातो, जीभ जड होते. कोरा चहा तुरट लागतो आणि दूध घातलं की सौम्य होतो तो ह्यामुळेच. दुधातली प्रथिनं टॅनिनला आधीच गुंतवून टाकतात.

आता बाटलीत काय होतं? वर्षं जातात तसं टॅनिन एकमेकांना आणि रंगद्रव्याला चिकटत जातं. काही भाग जड होऊन तळाशी बसतो. रंग जांभळ्यावरून विटकरीकडे जातो, चव मऊ होते. म्हणजे इथे काही शिरत नाही, उलट खाली बसतं. ह्याला मराठीत स्वच्छ शब्द आहे: निवळणे. गढूळ पाणी निवळतं, भांडणानंतर वातावरण निवळतं. तरणी बोर्दो भांडखोर असते, 2005 ची निवळलेली. माझी आजी निवळीची बी माठाच्या आत घासायची, तासाभरात गाळ खाली. तो शब्द सोडून वितळणं कशाला?

पैलतीर
सुंदर! पण 'निवळलेली वाइन' वाचून मला आरपार दिसणारी, पाणचट वाइन डोळ्यांपुढे येते.

कषाय
मुळात 'वाइन' आणि 'टॅनिन' हे शब्द का? द्राक्षासव आहे, कषायद्रव्य आहे, परिपक्व आहे. हजारो वर्षांची रसचर्चा असलेल्या परंपरेनं फ्रेंचांपुढे हात पसरावेत ह्याचं वाईट वाटतं. 'परिपक्व द्राक्षासव, सौम्य कषाय' असं लिहा.

लोणकढी
द्राक्षासव म्हटलं की मला औषधाची बाटली आणि दोन चमचे जेवणानंतर आठवतं. काकांनी पेला बाजूला ठेवला असता.

भाषाळू
आणि संस्कृत रसनामं जशीच्या तशी आणली तर गोंधळ वाढतो. संस्कृतातला 'कटु' म्हणजे तिखट, आपला 'कडू' त्याच शब्दातून आला आणि अर्थ बदलून बसला. संस्कृतात कडूला 'तिक्त'. वाचणाऱ्यानं कोणता अर्थ घ्यायचा? 'तुरट' मात्र घट्ट उभा आहे, संस्कृत 'तुवर'पासून. तुरटी त्याच घरातली.

कषाय
म्हणजे तुरट हाही संस्कृतोद्भवच. माझंच म्हणणं झालं.

भाषाळू
नाही. बोलीतून घासून आलेला शब्द वेगळा आणि कोशातून उचललेला वेगळा.

गारोनकाठ
काल 2005 उघडली, ते सांगते. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती. मानेमागे मेणबत्ती धरून हळूहळू काचेच्या सुरईत ओतली. प्रकाशात आधी लालसर धार दिसत होती, मग खांद्याशी काळपट धूसर रेघ सरकत आली. तिथेच हात थांबवला. पेल्यात कडेला विटकरी, वासाला चामडं, तंबाखू, पावसानंतरचा पालापाचोळा. काकानं घोट तोंडात फिरवला, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुरट आहे, पण टोचत नाही." बाटलीच्या तळाकडे बघून म्हणाला, "साका केवढा बसलाय!" मला हा शब्द लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकू आला आणि फार बरं वाटलं.

लिस्त्राक मात्र बुचामुळे वाया गेली. ओल्या पुठ्ठ्याचा वास. आई लगेच म्हणाली, "कुबट". त्याला दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

फ्रोन्साक, मेर्लो जातीची द्राक्षं जास्त असलेली, आईला जास्त आवडली. त्या चिठ्ठीवर तिनं स्वतः खोडून 'पाडाला आलेली' असं लिहिलं.

हिरडा
पाड लागला म्हणजे पिकायला नुकती सुरुवात. पंधरा वर्षांच्या वाइनला पाडाची कसं म्हणता येईल? ती आढीतून काढलेली म्हणा.

पैलतीर
आणि आणखी ठेवली तर? 'जून' म्हणता येणार नाही, जून भेंडीला दोरे असतात. मी 'उतरलेली' म्हणेन.

लोणकढी
आमच्याकडे सोलापूरला उतरलेली म्हणजे नासलेली आमटी. उतरतीला लागलेली वाइन अजून पिता येते ना?

गारोनकाठ
येते. फळ संपून नुसता पाचोळ्याचा वास उरतो, तरी पिता येते.

भाषाळू
काकांना एक विचारा: पुण्याकडे ते साका म्हणतात तो फक्त बारीक, मऊ थराला, की कॉफीच्या चोथ्यालाही? माझ्या घरी लोणी कढवल्यावर उरते ती बेरी, ताकाखालचा साका आणि पाण्याखालचा गाळ, असे तीन वेगळे होते.