सिग्नलला थांबलं की एसी गरम हवा सोडतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, पेट्रोल. ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेसवर असेपर्यंत एसी मस्त गार. सायनला ट्रॅफिकमध्ये अडकलो की पाच मिनिटांत गरम हवा. मागे आई असते, तिला दमा आहे. काचा उघडून तो धूर तिला घ्यायला लावणं जिवावर येतं.

केबिन फिल्टर बदलला. बॉनेट उघडून एसी लावला तर कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून लागतो, म्हणजे कॉम्प्रेसर चालू होतो, पण कंडेन्सरचा (एसीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा फिरतच नाही. फ्यूज शाबूत आहे. इंजिनच्या तापमानाचा काटा मध्येच, कारण रेडिएटरचा पंखा वेगळा आहे. चालत्या गाडीत कंडेन्सरला वारा लागतो म्हणून भागत असावं. गॅरेजवाला मात्र न बघताच एसीचा गॅस भरा म्हणतोय. गॅस कमी असता तर हायवेवर तरी एवढं गार झालं असतं का?

पंख्याचा रिले (त्याला वीज जोडणारा छोटा स्विच) त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहू, की मोटरचा कनेक्टर काढून थेट १२ व्होल्ट देऊ? गॅसच्या नळ्यांना मी हात लावणार नाही. आणि मोटरच गेली असेल, तर कुर्ल्याला सीएसटी रोडवरची जुनी घ्यावी का? कोणी वापरली असेल तर किती टिकली तेही सांगा. रविवारी सकाळी काम काढतोय.