मदत हवी आहे: ईईप्रॉम काढून एफरॅम लावली, वीज गेली की नोंद अर्धी

तारतम्य: ईईप्रॉमच्या जागी एफरॅम बसवली (दोन्ही वीज गेली तरी डेटा राखणाऱ्या मेमरी चिप). वेगवान आहे म्हणून आता वीज जाताना ३२ बाइटची नोंद लिहितो. पुन्हा चालू केल्यावर निम्मी नवी, निम्मी जुनी. कधी नुसता कचरा. आधी दर दहा मिनिटांनी लिहायचो, तेव्हा काही त्रास नव्हता. चिप खराब आहे का? लवकर सांगा.

सोल्डरबाबा: चिप कुठली? कंट्रोलर? क्लॉक? कंट्रोलरशी जोडणी एसपीआय का आयटूसी? काहीच लिहिलं नाहीये.

तारतम्य: एफएम२५व्ही०२, एसपीआय. एटमेगा३२८पी, ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झ. बाकी नेहमीचंच.

चुंबक्या: एमरॅम (चुंबकीय मेमरी) लावा. एफरॅममध्ये वाचतानाही सेल पुसून परत लिहावा लागतो, म्हणजे वाचनानेही झिजते.

सोल्डरबाबा: १० चा १४ वा घात इतकी वाचन-लेखनाची आवर्तनं आहेत. सेकंदाला हजार वाचनं केली तरी तीन हजार वर्षं. आणि एमरॅमला लिहिताना करंट जास्त, इथे तर वीजच जातेय!

बिटबिट: ‘नेहमीचंच’ म्हणजे काय? एसपीआयचा भाजक, म्हणजे क्लॉकला कितीने भागून त्याचा वेग ठरवलाय? ३.३ च्या लाइनवर कपॅसिटर किती? ब्राउनआउट (व्होल्टेज पडलं की कंट्रोलर रीसेट करणारी सोय) चालू आहे का?

तारतम्य: भाजक ६४, उदाहरणातून उचललाय. १० मायक्रोफॅरड. ब्राउनआउट बंद.

पानटपरी: नवी मेमरी म्हटलं की इंटेलची ऑप्टेन, तीही वीज गेली तरी डेटा राखणारी. २०१५ ला गाजावाजा, २०२२ ला इंटेलने गाशा गुंडाळला. बाय द वे, कॉम्प्युटरच्या डीडीआर४ रॅमच्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

सोल्डरबाबा: रॅमचं कोणी विचारलं?

बिटबिट: चिप ठणठणीत आहे. भाजक ६४ म्हणजे १२५ किलोहर्ट्झ. लेखन-परवानगीचा कमांड, लेखनाचा कमांड, पत्ता, डेटा मिळून ३६ बाइट, म्हणजे २.३ मिलिसेकंद. १० मायक्रोफॅरडवर १० मिलिअँपिअर ओढलात तर ३.३ वरून २.७ ला यायला ०.६ मिलिसेकंद. नोंद मधेच तुटणारच. ईईप्रॉम सीएस (चिप निवडणारी पिन) हाय झाल्यावरच लिहायला घेते, एफरॅम बाइट आला की लगेच. म्हणून अर्धवटपणा दिसतो. कचरा वेगळ्या कारणाने: ही चिप २ व्होल्टपर्यंत चालते, तोवर तुमचा कंट्रोलर भरकटलेला असतो.

भाजक २ करा, तेच काम ७२ मायक्रोसेकंदांत. ब्राउनआउट २.७ ला लावा. सीएसवर १० किलोओहमचा पुलअप (पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर) द्या, नाहीतर रीसेटमध्ये ती पिन लोंबकळते. आणि दोन जागा आलटून पालटून वापरा, क्रमांक आणि सीआरसीसकट (नोंद बिघडली का ते दाखवणारा तपासणी-आकडा).

तारतम्य: पुलअप बोर्डवर नाहीच. भाजक बदलला, वीस वेळा प्लग उपटला, अर्धी नोंद नाही. कचरा एकदा आला.

बिटबिट: ब्राउनआउटचा फ्यूज, म्हणजे कंट्रोलरमधली त्याची सेटिंग, बदलली?

तारतम्य: तो बूटलोडरमधून (कंट्रोलरमध्ये कोड भरणारा छोटा प्रोग्रॅम) बदलत नाहीये.

सोल्डरबाबा: बदलणारही नाही. प्रोग्रॅमर जोडा.