मुराकामीचा लाल ड्रॅगन बघून काढलेले ढग: शाई कागदावर फुटते, उपाय?

कुंचला: जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीच्या २०१० च्या 'ड्रॅगन इन क्लाउड्स – रेड म्युटेशन'मध्ये डागात डाग मिसळून ढग झालेत, तेही एकाच रंगात. तसं काळ्या शाईने हातकागदावर करायचं आहे. पण शाई फुटते, कडा राहत नाही. घट्ट केली तर ढग निर्जीव दिसतात. कागद बदलू की शाई?

शाईकांडी: ते चित्र शाईचं नाहीच. १८ मीटर लांब कॅनव्हासवर लाल अ‍ॅक्रिलिक आहे. मुराकामीने जुन्या जपानी चित्रकार सोगा शोहाकूच्या १७६३ च्या ड्रॅगनचा अवाढव्य आकार घेतला, एकरंगी छटा आणि अंगावर येणारं तोंड घेतलं. माध्यम मात्र आपलं ठेवलं. (चित्राच्या लांबलचक नावातच लिहिलंय की कला-इतिहासाचे प्राध्यापक त्सुजींनी 'एकदा स्वतः काढ की' म्हणून डिवचल्यावर चिडून काढलं.) शोहाकूचं शाईचं चित्र सरकत्या दारांवरचं, बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तुम्हाला मुराकामीपेक्षा त्याच्याकडे बघायला हवं. अ‍ॅक्रिलिक वाळलं की पाण्याने सुटत नाही, थर बिनधास्त चढतात. शाई फुटू नये म्हणून आधी कागदाला सरस-तुरटीच्या पाण्याचा हात द्यावा लागतो. जपानीत त्याला दोसा म्हणतात.

कागदवेडी: प्रमाण: १ लिटर पाणी, १५ ते २० ग्रॅम सरस, ५ ग्रॅम तुरटीची पूड. सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवा. सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, सरसाची चिकटण्याची ताकद जाते. आचेवरून उतरवून तुरटी घाला, फडक्याने गाळा, रुंद ब्रशने एकाच दिशेने पातळ हात फिरवा. वाळल्यावर मागूनही एक.
तुरटी जास्त झाली तर कागदावर कण चमकतात आणि काही वर्षांत तो पिवळा, ठिसूळ होतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा: उभा राहिला तर जमलं.

कुंचला: सुतारकामाचा सरस चालेल?

कागदवेडी: सरावाला चालेल, पण कागद तपकिरी दिसेल. बिनचवीचं खाद्य जिलेटिन त्यापेक्षा स्वच्छ. पावसाळ्यात हे काम टाळा. आणि फार आधी करून ठेवू नका. दोसा जुना झाला की शाई ठिकठिकाणी शोषली जाते. जपानी लोक म्हणतात, कागदाला सर्दी झाली.

शाईकांडी: आता ढग. कागदाच्या कडा फळीला चिकटवून फळी आडवी ठेवा, नाहीतर कागद फुगतो आणि शाई खळग्यात जमते. आधी फिकट शाईचा मोठा डाग. चमक आहे पण पाणी हलत नाही, अशा वेळी ब्रशच्या टोकाने गडद थेंब सोडा. ह्याला ताराशिकोमी म्हणतात. घाई केली तर सगळं एकसारखं करडं होतं, उशीर झाला तर कडक कडेचं वर्तुळ उठतं. हेअर ड्रायर नको.
काजळी-सरसाच्या कांडीची शाई त्याच दिवशी उगाळलेली वापरा. उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेल्या शाईतला सरस कुजतो, काजळीचे कण गोळा होतात, मग फिकट डागात रवाळपणा येतो.